रंभाक्काची उतारावरची गाडी

बिरदेवच्या केळीच्या बागेखाली, पाण्याकडे जाणाऱ्या उतारावर रंभाक्काची गाडी आडवी झाली, त्या दिवशी माझ्या नवऱ्यानं गाडीची किल्ली काढून आपल्या खिशात टाकली.

रंभाक्का माझी नणंद. मानसिंगपेक्षा मोठी. तिनं वाद घातला नाही. काखेत कुबडी घेतली, उतरली, चिखलानं भरलेल्या मागच्या चाकाशी बसली आणि चाकावर थाप मारून म्हणाली, "चूक हिची न्हाय, मानसिंग. हिच्या पोटात पाणी गेलंय."

"पाणी तुझ्याबी पोटात गेलं असतं की," मानसिंग म्हणाला. त्याचा आवाज रागाचा होता. वरून त्यानं सगळं पाहिलं होतं. गाडी सरळ उतरत आली, ब्रेक लागला, तशी एकाएकी शेपूट फिरवून आडवी झाली आणि घसरत घसरत पाण्याच्या पाइपाला जाऊन टेकली. पाइप नसता, तर पुढे धरणच होतं. "आता बास. ज्याला गरज हाय तो यील की न्यायला."

आमचं गाव जेऊरच्या पुढे, उजनीच्या फुगवट्याच्या काठावर. उन्हाळ्यात पाणी मागे सरतं आणि लोक त्याच्यामागे आपापल्या पाणी उपसायच्या मोटारी, पाइप, केबली खाली नेत राहतात. पाणी सरल्यावर जी जमीन उघडी पडते, ती सगळी गाळाची. वरून वाळलेली आणि आतून लोण्यासारखी. अशा जागी मोटार बंद पडली की सगळ्यांच्या तोंडी एकच नाव येतं.

रंभाक्काचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. बसून करता येईल असं काम म्हणून वडिलांनी तिला जेऊरच्या एका वायंडिंगच्या दुकानात बसवलं. जळालेल्या मोटारीतली काळी तार उपसायची, नवी तांब्याची तार वेटोळी करून खाचांत बसवायची. पोरीला चार पैसे मिळावेत एवढाच वडिलांचा हिशेब होता. तिनं त्याचं सगळं आयुष्य केलं. लग्न जमलं नाही. आधी बघायला आलेल्यांनी पाय बघितला, आणि पुढे कुणी बघायला येतो म्हटलं तर तिनंच नको म्हणून सांगितलं.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिला ओट्यावर बसलेली बघत होते. घरी आणलेली मोटार ती घरीच नवी तार घालून भरायची, पण निम्म्या वेळा बिघाड मोटारीत नसतोच. स्टार्टरमध्ये असतो, केबलीत असतो, आणि तो पाण्याकाठी जाऊनच बघावा लागतो. मग कुणीतरी निरोप द्यायचा, "आक्का, तयार ऱ्हावा, न्यायला येतो." ती सकाळीच हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसायची. कुणी मोटारसायकलवर मागे बसवून न्यायचा, कुणी ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर. कुणी विसरून जायचा. असा निरोप आलेल्या दिवशी ती चहा घ्यायची नाही, पाणीही प्यायची नाही. गड्याच्या गाडीवरून रानात गेल्यावर बाईमाणसानं आडोसा मागायचा कुणाकडे? हे तिनं मला कधी सांगितलं नाही. रिकाम्या न झालेल्या तांब्यावरून मला कळलं.

मग तिनं फोनवर ती गाडी पाहिली. दोनच माणसांची, बॅटरीवर चालणारी, आणि विकत मिळायची ती सुट्या भागांत: सांगाडा वेगळा, चाकं वेगळी, मोटार वेगळी, फायबरचं अंग वेगळं. आपल्या हातानं जोडून घ्यायची. खोकी ट्रकमधून आली तेव्हा मानसिंग म्हणाला, "ही काय गाडी हाय का भंगार?" रंभाक्कानं ते भंगार गोठ्यात पसरलं, शेळ्या दुसरीकडे बांधायला लावल्या आणि बसल्या जागी सरकत सरकत, चित्रांवर बोट ठेवत गाडी उभी केली. क्लच नाही, गिअर नाही. उजव्या पायानं रेस, उजव्याच पायानं ब्रेक. नंबर मिळाला नाही, म्हणून डांबरी रस्त्यावर ती कधी आली नाही. पण आमच्याकडे कामं असतात ती रानातल्या वाटांवरच.

गाडी सुरू झाली त्या दिवसापासून आक्का सकाळी दोन कप चहा पिऊन निघायला लागली.

आणि किल्ली मानसिंगच्या खिशात गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चहा पुढे केला, तर म्हणाली, "नको गं. बिरदेव न्यायला येतो म्हणलाय."

मी कप तसाच परत आत नेला. काय गेलं होतं ते मला त्या कपात दिसलं.

बिरदेव दुपारी आला. दारातूनच म्हणाला, "आक्का, तुमची विमानं बंद झाली म्हणं?"

"तुज्या पाइपानं अडवलं, न्हायतर पार पलीकडच्या काठाला उतरले असते," आक्का म्हणाली, आणि त्याचा खांदा धरून मोटारसायकलवर बसली. बसताना तिची साडी सारखी करून द्यायला मी गेले. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी ती मानसिंगला म्हणाली, "मागं ड्रम हायत, ते काढून डिस्क बसवली तर?"

मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. तिनं परात पुढे घेऊन मला समजावलं. मागच्या चाकांना आत एक लोखंडी घमेलं असतं, तोच ड्रम. ब्रेक दाबला की आतल्या दोन अर्धगोल पट्ट्या फाकतात आणि घमेल्याला आतून घासतात, चाक थांबतं. पण पाण्यातून गाडी नेली की घमेल्यात पाणी शिरतं, गाळ शिरतो, आणि शिरलेलं बाहेर येत नाही. एका बाजूचा ड्रम धरतो, दुसरा सुटतो, गाडी आडवी होते. "डिस्क म्हंजे उघडी ताटली," ती म्हणाली. "दोन्हीकडनं चिमट्यानं धरायची. भिजली तर भिजली. फिरली की पाणी उडून जातंय."

मानसिंगनं भाकरी मोडली. "त्याच पाण्यातनं भिजवून आण, आन त्याच उतारावर थांबवून दाव. सरळ थांबली तर किल्ली तुझी. न्हायतर गाडी इकायची."

"इकायची तर इकायची," ती म्हणाली.

जेवताना तिनं एवढी मोठी पैज इतक्या सहज लावली की मी वाढता वाढता थांबले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणात चालायला जागा राहिली नाही. गाडीचा मागचा भाग विटांवर चढला. ड्रम गाळानं जाम झाले होते. आक्का जमिनीवर बसून लाकडाचा ठोकळा ठेवायची, त्यावर हातोडी मारायची, थोडं फिरवायची, पुन्हा मारायची. घाई नाही, चिडणं नाही. ड्रम निसटला तेव्हा आतून भसकन काळा गाळ पडला आणि त्या गाळात एक शिंपला. अख्खा, पांढरा, नखाएवढा. गाडीच्या चाकातून शिंपला निघालेला मी पहिल्यांदा पाहिला. आक्कानं तो पदराला पुसून माझ्या हातावर ठेवला. "बघ. धरण घरी आणलंय."

कॅलिपर, म्हणजे तो ताटली धरणारा चिमटा, बसवायला ज्या लोखंडी पट्ट्या लागतात, त्या तयार मिळणार नव्हत्या. आक्कानं माझ्या पैठणीचा खोका मागितला. मी म्हटलं, "आक्का, त्यात पैठणी हाय."

"पैठणी ऱ्हाऊ दे. खोका दे."

त्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा तिनं साचा कापला. चाकाजवळ धरायची, जीभ बाहेर काढून बघायची, काडीभर कापायची, पुन्हा धरायची. ताटली चिमट्याच्या बरोबर मधोमध यायला हवी होती. एका बाजूला दोऱ्याएवढी जरी सरकली तरी घासणार. मी पोळ्या लाटत खिडकीतून बघत होते. माझ्या पोळीची कड फाटत होती आणि तिचा पुठ्ठा चुकत नव्हता.

पुठ्ठे गेले सोलापूरला, बसवेशकडे. बसवेशचं लेथचं दुकान. मोटारींचे शाफ्ट आक्का त्याच्याकडूनच करून घ्यायची. पट्ट्या झाल्यावर तो पोस्टानं पाठवू शकला असता, पण सकाळच्या रेल्वेनं स्वतः जेऊरला उतरला. "यप्पा! पैठणीच्या खोक्यावरनं ब्रेक केलेली गाडी मला बघायची होती," म्हणाला. पट्टी बसवली, कॅलिपर बसवला, आणि ताटलीच्या दोन्ही बाजूंना बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "अक्का, एवढं बरोब्बर माझ्याकडं पण येत नाही. मी नुसतं तुमच्या पुठ्ठ्यामागनं गेलो बघा."

चहा पिताना त्यानं एक सांगितलं. "ड्रम गेला म्हणजे हँडब्रेक पण गेला. हँडब्रेकची वायर ड्रमलाच असते. ह्या कॅलिपरला ती लागत नाही. उभ्या गाडीसाठी दुसरा छोटा कॅलिपर लावायला पाहिजे."

"ती वायर कवाच गंजून तुटलीया," आक्का म्हणाली. "मला दगड हाय की."

बसवेश हसला. "दगड?"

मानसिंग आणि मी हसलो नाही, कारण आम्हांला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. आमच्याकडे बैलगाडी असो, ट्रॅक्टर असो, उसाची ट्रॉली असो, उभी केली की चाकाला दगड. रंभाक्काला उतरून, वाकून दगड लावणं जमत नसे, म्हणून तिनं दगडाला दोरी बांधली होती. गाडी थांबली की बसल्या जागेवरून तो चाकापुढे टाकायचा. निघताना दोरी ओढून वर घ्यायचा. पहिल्या दिवसापासून असंच चाललं होतं आणि गाडी कधी हलली नव्हती.

"सोलापुरात सिग्नलला असला दगड टाकला तर पोलीस धरून नेतील, अक्का," बसवेश म्हणाला.

"म्हणून तर मी सोलापुरात येत न्हाय," आक्का म्हणाली. विषय तिथंच संपला. सांगणारा तो एकटा होता, आणि दगडावर विश्वास असणारे आम्ही सगळे.

तो गेल्यावर राहिलं ब्रेक ऑइल भरण्याचं काम. ते एका माणसाचं नसतं. एकानं पायटा, म्हणजे ब्रेकचं पेडल, दाबायचा, दुसऱ्यानं खाली चाकाजवळचा स्क्रू सोडून नळीतली हवा काढायची. मानसिंग रानात होता. आक्का गाडीखाली सरकली आणि म्हणाली, "दिपाली, वर बस."

"मी?"

"न्हाय, शेळी. बस की गं."

मी हात पुसून बसले. इतक्या दिवसांत त्या जागेवर मी कधी बसले नव्हते. खाली सलाइनची नळी माझ्या लोणच्याच्या बरणीत सोडलेली होती. "दाब," खालून आवाज आला. मी दाबलं. पाय सरळ खाली गेला, पाण्यात टाकल्यासारखा. "धरून ठेव… आता सोड. दाब. सोड." मी दाबत होते, बरणीत बुडबुडे येत होते. तिचा आवाज, माझा पाय. मध्येच थोडं ऑइल गाडीच्या दारावर उडालं आणि दाराचा हिरवा रंग माझ्या डोळ्यांदेखत सुरकुतून सुटला. मी ओरडणार होते. पण तेवढ्यात पायाखाली काहीतरी बदललं.

पायटा अर्ध्यावर थांबला. पुढच्या खेपेला अजून वर. मग एकदा मी दाबलं आणि माझ्या तळव्याखाली भिंत होती. मी सगळा जोर लावला. भिंत हलली नाही.

"आक्का," मी म्हटलं, "हे काय झालं?"

"हवा गेली." ती खालून हसत होती. "आता तुज्या पायात न् चाकात नुसतं तेल हाय. मधी दुसरं कुणी न्हाय."

वाटीभर तेल. आमटीला घालते तेवढं. आणि तेवढ्या तेलानं माझा पाय दोन्ही चाकांपर्यंत पोचत होता. मी किती तरी वेळ पाय तसाच ठेवून बसले, सोडावंसं वाटेना.

मग तिनं मागचं चाक बोटानं ढकललं. ते फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. आवाज नाही, घासणं नाही. आक्का कुबडी मांडीवर घेऊन बघत होती, मी बघत होते. चूल विझत आली तरी चाक फिरत होतं, असं मी लिहिलं तर खोटं होईल. पण तसं वाटलं खरं.

पैजेच्या दिवशी मानसिंगनं खिशातून किल्ली काढून दिली. "पडलीस तर मी काढणार न्हाय," असं म्हणून तो उतारावर तिच्यापुढेच जाऊन उभा राहिला, काढायला सोपं पडावं म्हणून. बिरदेव त्याच्या मोटारीजवळ होता. त्याचा स्टार्टर सकाळपासून बंद होता. मी बांधावर.

आक्कानं गाडी कडेच्या पाण्यात घातली. चाकं निम्मी बुडाली. तशीच फिरवून बाहेर काढली, वळसा घेऊन वर आली आणि उताराला लागली. मागे पाण्याच्या धारा सुटलेल्या. मागच्या वेळी जिथे गाडी आडवी झाली, नेमक्या त्याच जागी तिनं ब्रेक दाबला.

गाडी थांबली.

घसरली नाही, फिरली नाही. सरळ रेघेत, पाण्याकडे तोंड करून, जणू कुणी वरून अलगद धरली. इतकी शांत थांबली की केळीच्या पानांचा आवाज ऐकू आला. बिरदेवनं डोक्यावरची टोपी काढली आणि का काढली ते न कळून पुन्हा घातली. मानसिंग चाकांच्या खुणा बघत बघत उतार चढून वर गेला. "झालं," तिथून म्हणाला. "किल्ली तुझी."

आक्कानं दगड टाकला, किल्ली काढली, कुबडी घेऊन उतरली. आणि तिला मोटार दिसली. बंद स्टार्टर समोर असताना ती बाई आपल्या कौतुकासाठी थांबणं शक्य नव्हतं. ती सरळ तिकडे निघाली, गाडीच्या पुढून.

मला ते आधी दिसलं. दोरी सैल होती, ती ताठ झाली. दगड गाळात रुतून पुढे सरकत होता आणि त्याच्यामागे गाडी. अगदी हळू. मांजर चालावं तशी.

"आक्का!"

ती वळली. मानसिंग धावला, पण तो लांब होता. गाडी तिच्यावर येत होती आणि तिच्यामागे बिरदेव, मोटार आणि पाणी. बाजूला उडी मारण्याचा पाय तिला नव्हता. तिनं काखेतली कुबडी काढली आणि खाली बसता बसता पुढच्या चाकाखाली आडवी खुपसली. कट्कन आवाज झाला. कुबडी मोडली, एक तुकडा गाळात शिरला, एक चाकात अडकला. गाडी थांबली. तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर.

आम्ही पोचलो तेव्हा ती गाळात बसूनच मागच्या चाकाकडे बघत होती. घाबरलेली नव्हती, कोडं पडल्यासारखी दिसत होती. मग एकदम म्हणाली, "ड्रमच धरत हुता गं."

"काय?"

"इतके दिवस. दगड न्हाय. ड्रममधला गाळ चाकाला धरून हुता, म्हणून दगड पुरत हुता. मी गाळ काढला. चाक मोकळं केलं. आता दगडाच्या बाला आवरतंय व्हय." आणि ती हसायला लागली. मोडक्या कुबडीजवळ, चिखलात बसून. "बसवेश बोलला हुता. आमी तिघंबी दगडच."

मानसिंगनं तिला काखेत हात घालून उचललं. तो काही बोलायच्या आत तिनं कमरेला खोचलेली किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली.

"पैज तू जिंकलीस की," तो म्हणाला. खरंच म्हणाला, मी तिथंच होते.

"थांबायची पैज जिंकले. उभं ऱ्हायाचं ऱ्हायलंय." तिनं त्याची मूठ मिटवली. "अजून गाडी झाली न्हाय. झाली की मागीन."

मी आयुष्यात पुष्कळ माणसं जिंकलेली आणि हरलेली पाहिली आहेत. मिळालेली वस्तू, जिच्यासाठी जीव टाकला ती, आपणहून परत देणारं माणूस मी त्या उतारावर पाहिलं. आणि त्याला उभं राहायला तेव्हा दोन पायही नव्हते, एक कुबडीसुद्धा नव्हती.

पुढचे दिवस तिनं मोटारीच्या पाइपाच्या तुकड्यावर काढले. त्यालाच वर चिंध्या गुंडाळून कुबडी केली. पुन्हा ओट्यावर बसणं, पुन्हा चहाला नको. बसवेशचा फोन आला तेव्हा तिनं आपणच सगळं सांगितलं. तो पलीकडून म्हणाला, "अक्का, मी त्या दिवशी हसायला नको होतं. भांडायला पाहिजे होतं."

"पुढल्या येळी भांड," ती म्हणाली. "ते छोटे कॅलिपर धाड."

ते आले. तारेवर चालणारे, तेल नाही, पायटा नाही. हातानं दांडी ओढली की ताटली चावून धरायची आणि सोडेपर्यंत सोडायची नाही. पुन्हा पुठ्ठा, पुन्हा पट्ट्या. या वेळी उरलेला खोका मी न मागता दिला.

मग एका सकाळी तिनं मानसिंगकडे हात पुढे केला. त्यानं किल्ली दिली. ती मला म्हणाली, "चल. थर्मास घे संगं."

त्याच उतारावर, त्याच जागी तिनं गाडी थांबवली. समोर पाणी. दांडी ओढली, कर्रर्र करून ती वर आली. दगड गाडीत नव्हताच, घरी राहिला होता. आक्का उतरली, पाइपाची कुबडी टेकली.

"तू बस," म्हणाली.

"आणि तू?"

"मी खाली जाते. तू बस नुसती."

ती उतरत गेली. मी एकटी, गाडीचं तोंड पाण्याकडे, पायाखाली पायटा होता पण मी त्याला पाय लावला नाही. दोन्ही पाय मांडीखाली घेतले. पाठीमागे, कुठेतरी माझ्या खाली, दोन लहान चिमटे दोन ताटल्या धरून होते. एका बाईनं एका पैठणीच्या खोक्यावरून बसवलेले. वारा आला, केळी हलली, गाडीचं छप्पर थरथरलं. चाक हललं नाही. माझं सगळं वजन, गाडीचं वजन, उतार, सगळं त्या दांडीवर होतं आणि दांडी गप्प होती. देवळात गाभाऱ्याशी उभं राहिल्यावर येतो तसा माझ्या अंगावर काटा आला.

वर बांधावर मानसिंग होता. येत नाही म्हणत म्हणत आला होता. तो तिथून ओरडला, "आक्के! किल्ली घरी खुंटीला लावत जा. माज्या खिशाला भोक पडतंय तिनं!"

खाली पाण्याकाठी आक्कानं बिरदेवच्या मोटारीचं झाकण उघडलं होतं. मान वर न करता तिनं हाक मारली, "दिपाली, चहा आण की खाली! किती वेळ बसतीस?"

मी थर्मास घेऊन उतरले. गाडीत आता कुणी नव्हतं. तिच्यापर्यंत जाईस्तोवर मी दोनदा मागे वळून बघितलं. गाडी उतारावर उभी होती.

आक्कानं पहिला कप घेतला आणि लगेच दुसऱ्यासाठी पुढे केला.